स्टिअरिंगशेजारची जागा

कुठं ग्रीसचा वास आला की मला मार्गासनीच्या आमच्या गोठ्यातली जुनी जीप आठवते. लग्नानंतर आमच्या ह्यांनी ती भंगारातून आणून दुरुस्तीला घेतली. वर्षं गेली, पण ती काही चालू होईना. माझी साधी विचारपूस करायला ह्यांना सवड नसायची, आणि तिचा पत्रा मात्र मायेनं पुसत बसायचे. मला ती सवतच वाटायची. "इकून टाका," म्हणून मीच मागं लागले.

शेवटी भोरहून एक नवराबायको जीप बघायला आले. "काय करू, देऊ का?" ह्यांनी मला विचारलं. मी व्हय म्हणणार, तेवढ्यात ती बाई पदर सावरत स्टिअरिंगशेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि नवऱ्याकडं बघून हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या जागेवर मी एकदाही बसले नव्हते.

"उतरा ताई," मी म्हटलं. "आमाला न्हाई इकायची."

ते दोघं गेल्यावर मीच त्या सीटवर चढून बसले. हे येऊन स्टिअरिंगमागं क्षणभर टेकले आणि लगेच बोनेट उघडायला उठू लागले. मी त्यांचा हात धरला.

"आज ऱ्हाऊ द्या ते. निस्तं बसा माझ्यापाशी."

आणि हे बसले.