बत्तीस हजारांचा मुलगा

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा आणि माझा मुलगा तेहतीसचा. त्याचं लग्न जमत नव्हतं, आणि का जमत नाही हे घरात मला सोडून सगळ्यांना कळलेलं. सगळे म्हणजे दोघंच, तो आणि त्याची आई.

मी चौथीपर्यंत शिकलो, तीही अर्धीच. तरुणपणी गावाहून ठाण्याला आलो, इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागलो आणि कारखान्याला टाळं लागेपर्यंत तिथेच राहिलो. पगाराचं माझं गणित सरळ होतं. कळव्याची ही खोली घेतली तेव्हा तिची किंमत माझ्या दोन वर्षांच्या पगाराएवढी होती. थोडे फंडातून काढले, बायकोच्या पाटल्या मोडल्या, घर झालं. तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं, की दोन वर्षं नीट काम केलं की माणसाचं घर होतं, आणि ज्याचं होत नाही तो उधळ्या. हे मी चाळीत, टपरीवर, सलूनमध्ये सगळ्यांना ऐकवत आलो. कोणी म्हटलं, काका दिवस बदलले, तर मी म्हणायचो, दिवस नाही बदलले, तुमचे मोबाइल बदलले. लोक हसायचे आणि मला वाटायचं मी जिंकलो.

मुलगा ठाण्यात एका इस्पितळाच्या बिलाच्या खिडकीवर बसतो. तेव्हा त्याच्या हातात महिन्याला बत्तीस हजार यायचे. मला आयुष्यातला शेवटचा पगार मिळाला तो नऊ हजार. मग मी छाती काढून सांगणार नाही तर काय करणार? बत्तीस हजार. राजाचा पगार. पोरींचे बाप रांग लावतील.

रांग काही लागली नाही. पाच ठिकाणची बोलणी फोनवरच संपली. मला वाटायचं पत्रिका जुळत नसेल.

आमची जागा म्हणजे बाहेर एक खोली आणि आत स्वयंपाकघर. मध्ये दार नाही, पडदा. बाहेर खाटेवर मी, खाली बायको. आत ओट्याखाली पाय घालून मुलगा, सिलिंडर उशाशी. तेहतीस वर्षांचा माणूस असा झोपतो ह्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. मी स्वतः ठाण्यात आलो तेव्हा अकरा जणांच्या खोलीत पाळीपाळीने झोपलेलो. माझ्या हिशोबाने तो चैनीत होता.

सहावं स्थळ डोंबिवलीचं. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला. ती आणि मुलगा दोनदा तलावपाळीला भेटून आलेले. दुसऱ्यांदा भेटून आला त्या दिवशी जेवताना तो स्वतःशीच हसत होता. मी बायकोला म्हटलं, जमलं बघ. ती म्हणाली, जमू दे बाई एकदाचं.

मग रविवारी ती मंडळी आमच्याकडे यायची ठरली. सकाळी शेजारचा पोरगा येऊन माझी खाट उचलून घेऊन गेला. मला वाटलं जागा मोकळी करतायत बसायला. बायको माझ्या शर्टाला इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, एक सांगायचं होतं. त्यांनी विचारलं तर म्हणा, आपण गावी असतो. बघण्यापुरते आलोय."

मी म्हटलं, आपण कधी गावी असतो? गावी भावाचं घर, तिथे दिवाळीला गेलो तरी चौथ्या दिवशी वहिनी परतीच्या गाडीचं विचारते. तेव्हा कुठे तिने मला सगळं सांगितलं. वधूवर मंडळाच्या बाईंनी मुलाला सांगितलेलं, बायोडाट्यात लिहा, घर स्वतःचं, आईवडील गावी असतात. मुली आधी तेच बघतात, पगार नंतर. आणि ह्या मायलेकांनी ते लिहिलेलं. पाच स्थळं गेल्यावर लिहिलेलं, आधी नाही, हे मला नंतर समजलं.

मी म्हणालो, लाइटचं बिल माझ्या नावावर येतं, आणि मी ह्या घरात पाहुणा?

"दोन तास व्हा की पाहुणा," बायको म्हणाली. "तुमच्याच पोराचं आयुष्य आहे."

मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याला ती इतकी वर्षं होकार समजत आलेली, आणि बहुतेक वेळा तो होकारच असायचा.

मंडळी आली. मुलगी, तिचे आईवडील. वडील साधा माणूस, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, कुठल्याशा गोडाऊनला सुपरवायझर. पोहे झाले. त्यांनी मुलाला नोकरीचं विचारलं, पगार विचारला, तो ऐकून मान हलवली. मुलगा नीट बोलत होता. मी कोपऱ्यात खुर्चीवर, पायावर पाय न टाकता, पाहुण्यासारखा बसलेलो. सगळं नीट चाललं होतं. मग ते सज्जन गृहस्थ माझ्याशीही दोन शब्द बोलावेत म्हणून वळले.

"मग काय म्हणतंय गाव? कधी आलात गावाहून?"

"त्र्याहत्तर साली," मी म्हणालो.

आधी ते हसले. त्यांना वाटलं म्हातारा गमत्या आहे. मग त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलगा हातातल्या पोह्यांच्या बशीकडे बघत राहिलेला. तिथे तरी मी थांबायचं. पण नाही. मी सगळंच सांगत सुटलो. खोली कशी घेतली, पाटल्या कशा मोडल्या, ही भिंत मी स्वतः कशी रंगवली, आणि माझी खाट आत्ता शेजाऱ्याच्या पॅसेजमध्ये उभी आहे. ती आणायलाही मी उठलेलो, बायकोने मागून शर्ट धरला.

मुलगी तोपर्यंत काही बोलली नव्हती. तिने विचारलं, "काका, मग हे कुठे झोपतात?"

मी पडद्याकडे बोट केलं. ती उठली, पडदा बाजूला करून आत बघितलं आणि परत येऊन बसली. रागावली नाही, तोंड वाकडं केलं नाही. म्हणाली, "मी पण अशीच झोपते. ओट्याखाली पाय. आम्ही पाच जण आहोत घरात. मला वाटलेलं, लग्नानंतर निदान मध्ये एक दार तरी असेल."

"अगं, बत्तीस हजार पगार आहे त्याला," मी म्हणालो.

"माहितीये, काका. माझे बावीस. आम्ही दोघांनी बसून हिशोब केलेला. कुठेही घर घ्यायचं म्हटलं तर हप्ता भरून खायला उरत नाही. म्हणून म्हटलं, ही खोली आहे तर..." पुढचं तिने गिळलं.

म्हणजे ज्या खोलीच्या जिवावर मी सगळ्यांना शहाणपण शिकवत आलो, त्याच खोलीच्या भरवशावर ती दोघं उभी होती. फक्त त्यांच्या खोलीत मी नव्हतो.

तिच्या वडिलांनी चहा संपेपर्यंत दम धरला. अर्धा कप ठेवून उठले असते तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. निघताना मला नमस्कार करून गेले.

ती मंडळी गेल्यावर बायको माझ्याशी बोललीच नाही. मुलगा बशा गोळा करून मोरीत ठेवत होता. मी म्हटलं, मला खोटं बोलता येत नाही, तुला माहितीये.

तो म्हणाला, "माहितीये बाबा. तुम्ही खरं तेच बोललात, मला राग नाही. फक्त एक सांगा. बत्तीस हजार पगार चांगला की वाईट?"

चांगला म्हणावं तर तो अजून मोरीपाशी उभा, पडद्याच्या आत. वाईट म्हणावं तर राजाचा पगार म्हणून गावभर सांगणारा मीच. मी खुंटीवरची टोपी घेतली आणि चाळीच्या जिन्यावर जाऊन बसलो.

खरं बोललो ह्याची मला आजही लाज वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिशीला आला तेव्हा ह्याच मुलाने विचारलेलं, बाबा, शहाडला स्वस्तात जागा मिळते भाड्याने, मी घेऊ का? तेव्हा पगार पंचवीसच्या आसपास होता, पण भाडीही कमी होती. मी म्हटलं, भाडं भरणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं, आमच्यात कोणी भाड्याने राहिलं नाही. तो गप्प बसला. त्याचा स्वभाव माझ्यावर गेलाय, पण त्याचं गप्प बसणं म्हणजे होकार नव्हता, ते मी ओळखलं नाही. त्या वेळी हो म्हटलं असतं तर ती मुलगी आज आमच्या घरात असती, असं मी म्हणत नाही. पण बायोडाट्यात खोटं लिहायची पाळी तरी त्याच्यावर आली नसती.

त्या मुलीचं लग्न पुढच्या वर्षी झालं, बदलापूरला. नवऱ्याचा पगार माझ्या मुलापेक्षा कमी आहे, पण सासऱ्याच्या दोन खोल्या आहेत, असं कानावर आलं. माझ्या मुलाला आता अडतीस हजार मिळतात. स्थळं बघणं त्याने सोडून दिलंय. मी एकदा म्हटलं, आम्ही दोघं खरंच गावी जातो. तो म्हणाला, आता कशाला. आणि पडदा सारून आत गेला.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी डोंबिवलीहून नकार आला, तो दुपारी, फोनवर. सकाळी आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मी लवकर आंघोळ केली, घरात कोणाला न सांगता निघालो आणि शहाडला उतरलो. स्टेशनबाहेर एका दुकानावर खोल्या भाड्याने मिळतील अशी पाटी होती. तिथल्या पोरगेल्या एजंटने विचारलं, किती माणसं? मी म्हटलं, नवरा-बायको. नवीन लग्न का? मी म्हटलं, जमतंय.

त्याने दुसऱ्या मजल्यावरची एक जागा उघडून दाखवली. भाडं साडेआठ हजार, डिपॉझिट वेगळं. बाजारात मी कोथिंबिरीलाही घासाघीस करणारा माणूस, पण तिथे केली नाही. एक खोली, आत स्वयंपाकघर, आणि मध्ये दार होतं. मी आत गेलो, दार लावलं, कडी घातली आणि त्याला बाहेरच उभं राहून काहीतरी बोलायला सांगितलं.

"काय बोलू काका?"

ते ऐकू आलं. म्हटलं, एवढ्या मोठ्याने नाही, घरात बोलतात तसं बोल. मग तो काहीतरी बोलला असावा. मी दाराला कान लावून उभा राहिलो, ऐकू आलं नाही. तेव्हा कडी काढली आणि त्याला सांगितलं, संध्याकाळपर्यंत ही जागा दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस.