आक्काला सगळंच लागू पडायचं

आक्का गेली, असा भाच्याचा लातूरहून फोन आला, तेव्हा मी त्याला दोनदा खोदून विचारलं, डॉक्टरांनी नीट बघितलं का? आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जित्या माणसांना श्रद्धांजली वाहिलेली मी पाहिली आहे. पण बातमी खरी होती. झोपेतच हृदय थांबलं... नांदेडहून मिळेल त्या गाडीनं मी लातूर गाठलं.

माझी ही थोरली बहीण तरुणपणापासून अर्धशिशीनं बेजार. उजेड सोसायचा नाही, उलट्या व्हायच्या. घरी येणारी प्रत्येक बाई मोबाइलवर आलेला एखादा उपाय घेऊनच यायची. कपाळाला लिंबाची साल, बेंबीत हिंग, गरम पाण्यात पाय. आक्काला सगळंच लागू पडायचं! तासाभरात उठून चहा टाकायची. सालीचा तर सुनेनं व्हिडिओ केला, तो गावभर फिरला. मला मात्र शंका आली. उपाय एकापेक्षा एक वेगळे, आणि गुण दरवेळी तासाभरातच? मुक्कामाला असताना मी पाळतच ठेवली. डोकं ठणकायला लागलं तशी आक्का देवघरात गेली, पदराआड डॉक्टरांची गोळी गिळली आणि बाहेर येऊन शेजारच्या सुमनबाईंना म्हणाली, "आणा तुमची साल."

नंतर मी तिला धरलंच. हसून म्हणाली, "लई तपास करतोस रे, पोलिसात जायला पायजे होतास. डॉक्टर म्हणले, दुखाया लागलं की लगेच घ्या, आठवड्यात दोनदाच्या वर नको. तेवढंच करते. बाया मायेनं येतात, त्यांचं मन कशाला मोडू? कुणाला बोलायचं न्हाई. माझी शपथ हाय."

सालीनं कुणाचं काय बिघडतंय, असं वाटून मी गप्प बसलो.

गेल्या आठवड्यात सुमनबाई सांत्वनाला आल्या. डोळे पुसत त्यांनी तोच व्हिडिओ लावला. आक्काचा आवाज ऐकून मला हुंदका आवरेना. मग त्या म्हणाल्या, "माझ्या पोरीलाबी अर्धशिशी हाय. तिच्या गोळ्या बंद केल्या, आक्कावानी साल लावून राहिलो. पंधरा दिस झाले, क्लासला गेली न्हाई, अंधारात पडून हाय. आमच्याच हाताला गुण न्हाई बघा."

मी शपथ मोडली. "आक्का आधी गोळी घ्यायची. पोरीला आजच डॉक्टरांकडे न्या."

त्या चहा तसाच ठेवून उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "तुमाला हे कधीपासून ठावं होतं, भाऊ?"

त्यांना उत्तर देता आलं नाही. इथे देतो. तीन वर्षांपासून.