केस कुणाचा?

“स्वातीने टोपी घातली नव्हती. विषय संपला,” सर म्हणाले.

सर आमचे लॅब हेड, स्वाती सॅम्पल तयार करणारी. तिचं काँट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं. तिच्याविरुद्धचा पुरावा माझ्याच स्क्रीनवर होता.

चाकणच्या आमच्या कंपनीत प्रोटीनची औषधं बनतात. त्यात भलतं काही मिसळलं नाही ना, हे बघायला प्रोटीनचे तुकडे करून मास स्पेक मशीनमध्ये तोलतात. मग माझं सॉफ्टवेअर ती वजनं प्रोटीनच्या यादीशी जुळवून नावं सांगतं. या वेळी नाव आलं केरॅटिन. माणसाच्या केसातलं.

“मॅडम, आईशप्पथ, टोपी काढलीच न्हाई मी!” स्वाती रडकुंडीला आली होती.

मला तिचंही पटत होतं आणि सॉफ्टवेअरचंही. केरॅटिनचे काही तुकडे चोख जुळत होते. पण सोबतचे कितीतरी तुकडे कशाशीच जुळेनात. अर्धा केस माणसाचा, मग उरलेला कुणाचा? सेटिंग बदललं, पुन्हा रन केलं. तेच. डोक्याचा पार भुगा झाला.

निघताना लॉकरपाशी स्वाती स्वेटर चढवत होती. मी बघतच राहिले. लोकर म्हणजेही केरॅटिनच की!

“हा आत नेला होतास?”

“आत कसा नेईन मॅडम? लोकरीला मनाई हाय ना.”

माझा गोंधळ आणखी वाढला. तरी परत जाऊन यादी उघडली. सॉफ्टवेअर फक्त यादीतलीच नावं सांगतं. यादीत माणूस होता, मेंढी नव्हती. दोघांच्या केसांचे काही तुकडे सारखेच असतात, तेवढे त्याने माणसाच्या नावावर टाकले होते. मी मेंढी घातली आणि अडलेले तुकडे पटापट जुळले.

सकाळी सरांना दाखवलं. “लोकर? लॅबमध्ये स्वेटर कोण घालतं?” ते म्हणाले.

आम्ही दोघी त्यांच्याकडेच बघत होतो. हाताने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, वर एप्रन नाही. ते सॅम्पल बनताना त्याच वेषात ट्रेवर ओणवं होऊन त्यांनी स्वातीला “असं नाही, असं” करून दाखवलं होतं. सरांनी खाली बघितलं आणि स्वेटर काढायला घेतला.

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” स्वाती बाहेर आल्यावर म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसले.

नवं सॅम्पल स्वच्छ आलं. स्वातीचं काँट्रॅक्ट रिन्यू झालं. सॉफ्टवेअरच्या यादीत आता मेंढीही आहे. आपल्या संशयाच्या यादीत मात्र साहेबाचं नाव आपल्यालाच घालावं लागतं.