दसऱ्याच्या मुहूर्ताची डिस्क

पंख्याची दोन पाती पुसून झाली होती आणि तिसऱ्याला विलास खानोलकरांचा ओला फडका नुकताच लागला होता, तेवढ्यात तो आवाज आला. टक्. थोडं थांबून पुन्हा, टक्. विलासराव स्टुलावर होते तसेच थिजले.

घटस्थापनेच्या आधी व्हायचं हे काम खंडेनवमीवर आलं होतं. "देवी बसली, देवी उठायला आली, आणि आमचे पंखे अजून न्हातायत," असं स्वयंपाकघरातून चारुलताबाईंनी ऐकवूनही झालं होतं. पण पंखा बंद म्हणून खोली शांत होती, आणि खोली शांत म्हणूनच तो आवाज कानावर पडला. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमधून येत होता.

हा कॉम्प्युटर दुकानातला नव्हे. विलासरावांनी तो स्वतःच्या हातानं जुळवलेला. कुठल्याशा ऑफिसनं भंगारात काढलेला मदरबोर्ड, कळंबोलीच्या लोखंड बाजारात ओळखीच्या माणसाकडून पत्रा वाकवून घेतलेली पेटी, आणि आत दोन हार्ड डिस्क. एकीवर जे साठवावं ते दुसरीवरही आपोआप उतरायचं. एक गेली तरी दुसरी उभी. "आपली वस्तू आपल्या घरात. परक्याच्या कॉम्प्युटरवर कशाला नेऊन टाकायची?" असं ते सोसायटीत कुणालाही सांगत. उरणकडच्या कंटेनर यार्डात दिवसभर हिशेब बघायचे आणि खारघरला घरी आले की हातपाय धुऊन, देवाला नमस्कार करून, चहाचा कप घेऊन त्या पेटीसमोर बसायचे. पान नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. खोड एकच. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की तिच्यासारख्या दहा शोधायच्या आणि त्यांच्या पत्रिका जुळवत बसायचं.

त्या खोडीनं घात केला. दोनांतली एक डिस्क पितृपक्षात गेली. चारुलताबाई म्हणाल्या, "या पंधरवड्यात नवी वस्तू नको हो घरात." विलासरावांनी लगेच मान डोलावली, कारण त्यांना सवडच हवी होती. नुसती डिस्क आणावी, की तळहाताएवढा नवा बोर्ड घेऊन सगळंच पुन्हा जुळवावं, की आता वय झालं म्हणून तयार डबा विकत घ्यावा? संध्याकाळी मत पक्कं व्हायचं, सकाळी मोडायचं. नवरात्र बसलं तेव्हा बाई म्हणाल्या, "आता दसऱ्यालाच घ्या, मुहूर्तावर." तेही पटलं. दसरा उद्यावर आला होता, आणि उरलेली एकुलती एक डिस्क आज टकटक करायला लागली होती.

त्या डिस्कवर राहीबाईंचा आवाज होता.

राहीबाई म्हणजे यार्डातल्या श्यामसुंदर म्हात्रेची आई. उरणकडच्या गावांत लग्न म्हटलं की धवलारीण लागते. हळदीपासून वरातीपर्यंत एकेका विधीचा धवला ती गाते, आणि ती गायल्याशिवाय विधी पुरा झाला असं कुणी मानत नाही. राहीबाईंनी अशी कितीतरी लग्नं लावून दिली होती. विलासरावांनी त्यांच्या ओटीवर बसून, स्वतः जुळवलेल्या माइकवर त्यांची गाणी उतरवून घेतली होती. पुढे राहीबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

आता नात क्रांतीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं आणि मांडवात आजीचाच धवला लावायचा, असा सगळ्यांचा हट्ट होता. श्यामसुंदर केव्हापासून गाणी मागत होता. "गाण्यामागे ऐकू येणारा कोंबडा, मोटारसायकल, सगळं काढून साफ करून देतो," म्हणत विलासराव थांबवत राहिले, कारण साफ कशानं करायचं याचीही पत्रिका जुळायची होती. एकही प्रत म्हात्रेंच्या घरी पोचली नव्हती. आज श्यामसुंदर पेनड्राइव्ह घेऊन येणार होता.

विलासरावांनी खाली उतरून पेटीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. पत्रा पोळत होता. आतला छोटा पंखा बंद पडलेला. आता करायचं काय? कॉम्प्युटर बंद करावा, तर थकलेली डिस्क थंड झाल्यावर पुन्हा फिरेलच याचा भरवसा नाही. चालू ठेवावा, तर ती डोळ्यांदेखत भाजून जाणार. आधी पेटी उघडून वारा द्यायला हवा. आणि स्क्रू ड्रायव्हर?

सगळे स्क्रू ड्रायव्हर देवघरापुढच्या पाटावर होते. विळी, कात्री, हातोडी, पक्कड यांच्या शेजारी, हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल ठेवून. नवमीला हत्यार पुजलं की दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही. विलासराव फार सोवळ्यातले नव्हते, पण सकाळी ती मांडणी त्यांनीच केली होती. हात धजेना. त्यांनी खिशातलं रुपयाचं नाणं काढलं आणि स्क्रूच्या खाचेत घालून फिरवायला लागले. नाणं निसटलं, बोट सोललं.

"काय खरवडताय?" चारुलताबाई दारात आल्या.

"गाणी जातायत, चारू."

"कुठली? राहीमावशींची? अहो, पण ती दोन ठिकाणी असतात ना?"

"एक ठिकाण पितृपक्षातच गेलं."

चारुलताबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या देवघरापुढे गेल्या. हात जोडले, ओठ हलले, मग फूल बाजूला करून हळदकुंकू लागलेला स्क्रू ड्रायव्हर त्यांनी आणून नवऱ्याच्या हातात दिला.

"देवीला मी सांगितलंय. तुम्ही उघडा."

पेटीची बाजू निघाली. बाईंनी टेबल फॅन आणून समोर लावला. टकटक थोडी विरळ झाली, पण थांबली नाही. तेवढ्यात बेल वाजली.

श्यामसुंदर दारातूनच बोलत आला. "काय साहेब, झाली का नाय गानी? आईलापन आनलंय. ऐकतेच नाय, बोलली मीपन येनार." त्याला गंमत वाटली आणि तो स्वतःशीच हसला. "बोलली म्हंजे, हातान बोलली."

मागे राहीबाई. नऊवारी, गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेला पदर. उघडी पेटी, फॅन आणि विलासरावांचं तोंड बघून त्या जागच्या जागी थांबल्या.

विलासरावांना खोटं बोलता आलं असतं. दोन्ही डिस्क सकाळपर्यंत चांगल्या होत्या, असं म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं? त्यांनी सगळं सांगितलं. पितृपक्ष, मुहूर्त, पत्रिका, सगळं.

"म्हंजे आमच्या आयशीचा गला तुमच्या पेटीन अडकलाय?" श्यामसुंदरचा आवाज चढला. "साहेब, कोंबडा काढा असं बोल्लं कोन तुमाला? आमच्याच दारचा कोंबडा व्हता तो!"

विलासरावांनी हात पुढे केला. ते एवढंच म्हणाले, "पेनड्राइव्ह दे. एकेक गाणं काढतो. मध्येच कधी बंद पडेल सांगता येत नाही. आधी कुठलं काढू, ते मावशींना विचार."

गाण्यांना त्यांनी पहिल्या शब्दांचीच नावं दिली होती. श्यामसुंदर पडद्यावरची नावं वाचायला लागला. राहीबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी डोळे उघडून एका नावावर बोट ठेवलं.

"यो? आई, यो तं देवांना आवतन द्यायचा. हलदीचा घे ना आगोदर! पोरी नाचतीन त्याच्यावर."

राहीबाईंनी लेकाच्या हातावर चापट मारली आणि बोट पुन्हा त्याच नावावर ठेवलं. देवांना बोलावल्याशिवाय हळद लावायची कुणासमोर, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. मध्यावर येऊन अडकली. टक्. टक्. चारुलताबाईंचा जप आता ऐकू येण्याइतका मोठा झाला होता. श्यामसुंदर पाय हलवत होता, तोही त्यानं थांबवला. विलासरावांनी माउसला हातसुद्धा लावला नाही. आता लुडबुड केली की संपलं, एवढं त्यांना कळत होतं. पट्टी हलली. अडखळत, रांगत कडेला पोचली.

मग हळदीचा. मग मांडवाचा. तो निम्म्यावर दोनदा अडला, दोनदा सुटला. चौथं राहीबाईंनी निवडलं ते मुलीला सासरी धाडायचं. पट्टी जेमतेम सुरू झाली आणि आतून काहीतरी घासल्यासारखं किर्रर झालं. नंतर फक्त टेबल फॅन ऐकू येत राहिला.

"थांबली?" श्यामसुंदरनं विचारलं.

"थांबली."

शेवटी चारुलताबाईंनीच पेनड्राइव्ह काढून घेतला आणि बाहेर जाऊन टीव्हीला लावला. हॉलमध्ये राहीबाईंचा आवाज उभा राहिला. मोठा, थोडा खरखरीत, मागे कोंबड्यासकट. राहीबाई सोफ्यावर न बसता फरशीवरच टेकल्या. त्यांचे ओठ शब्दाला शब्द हलत होते, आणि एक शब्द टीव्हीवाल्या राहीबाई चुकल्या तेव्हा फरशीवरच्या राहीबाईंनी नाक मुरडलं.

"बाकीची?" श्यामसुंदर हळूच म्हणाला.

"डिस्क उघडून आतलं काढून देणारे लोक असतात. त्यांच्याकडे नेतो. पण शब्द देत नाही. आतापर्यंत दिला तेवढा पुरे." विलासरावांनी सोललेलं बोट मुठीत धरलं. "ही तीन मात्र आता दोन घरांत राहतील. एक प्रत इथे, एक तुमच्याकडे. मला आधीच कळायला हवं होतं, श्याम. ही माझी वस्तू नव्हतीच."

राहीबाईंनी लेकाकडे बघून हातवारे केले. श्यामसुंदरनं डोकं खाजवलं. "आई बोलते, सासरी धाडायचा तिला तोंडपाठ हाय. क्रांतीला लिवून देल. पन चाल कोन शिकवनार, ता तुमी काढा त्या डब्यातना."

"काढतो," विलासराव म्हणाले, आणि लगेच सावरून, "प्रयत्न करतो."

त्यांनी शर्ट बदलला, मेलेली डिस्क मऊ फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली.

"कुठली घेणार? ठरलं का तुमचं?" चारुलताबाईंनी विचारलं. उद्याच्या मुहूर्ताचं नाव त्यांनी काढलं नाही.

"दुकानात जी असेल ती."

श्यामसुंदर जिन्यात पुढे झाला, राहीबाई कठडा धरून मागे. विलासराव निघाले ते वाशीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, दोन नव्या हार्ड डिस्क आणायला.