चटणीचं नाव

मैत्रिणींनो, आज आमच्या बीडच्या वकिली ऑफिसात ट्रेडमार्कच्या कामासाठी नवीन वकील घेतली. सिरसाळ्याची मुलगी आहे, हुशार.

मुलाखतीत मी सहज विचारलं, “हाच विषय का निवडलास?”

म्हणाली, “दुष्काळात आईनं गावातल्या बायकांची सहकारी संस्था काढली, कारळाच्या चटणीची. चटणीचं नाव नोंदवायला त्या बीडला आल्या. वकीलबाई म्हणाल्या, आधी संस्था टिकवा, नावाचं नंतर बघू. पुढं एका व्यापाऱ्यानं तेच नाव नोंदवून घेतलं. आता आईला स्वतःच्याच पुडीवर ते छापता येत न्हाई.”

त्या बायका मला आठवल्या. त्यांनी नमुना म्हणून ठेवलेली पुडी मी आठवडाभर डब्यासोबत खाल्ली होती.

“ती वकील मीच,” मी म्हणाले.

“माहीत हाय, मॅडम. आईच म्हणली, तिथंच नोकरी धर. आमच्यासारख्या बायका तिथंच येत्यात.”

रुजू कधी होतेस, एवढंच विचारलं.

रविवारी सिरसाळ्याला जाणार आहे. इतक्या वर्षांनी तिच्या आईची माफी कशी मागावी, सांगाल का कुणी?