सदरा चिमटीत धरणारे वानखेडे काका

वानखेडे काका सदरा छातीपासून चार बोटं लांब, चिमटीत धरून चालत. आमच्या दवाखान्यात ते पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, अंगावर चहा सांडला असेल. नागीण होऊन दीड वर्ष झालं होतं. फोड केव्हाच वाळले होते, पण डाव्या बरगडीवरच्या नसा पेटलेल्याच राहिल्या होत्या. सुती कापड टेकलं तरी आग व्हायची.

मी तेव्हा प्रोबेशनवर होते. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज पेशंटच्या डोक्याला पट्ट्याने बांधायचे आणि वीस मिनिटं अगदी सौम्य वीज सोडायची, हे माझं काम. मेंदूला दुखण्याची जी सवय लागते ती यानं सैल पडते. सगळ्यांची नाही, काहींची. मी हे समजावायला लागले तर काका म्हणाले, "सायन्स नको सांगू पोरी. इंदूरला लेक आहे माझी, तिची मुलगी आठ महिन्यांची झाली. तिला छातीशी धरता आलं पाहिजे, बस."

काका मूळचे नागपूरचे. सगळी नोकरी इथेच, भोपाळच्या सचिवालयात, सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त. डोक्याला पट्टा बांधलेला असतानाही ताठ बसून ऑफिसच्या गोष्टी सांगत. हाताखालच्यांचे वार्षिक गोपनीय अहवाल, म्हणजे सी.आर., त्यांनी वर्षानुवर्षं लिहिले होते. "एकाची सी.आर. नाही बिघडवली मी," हे अभिमानाचं वाक्य. "एक वाईट शेरा लागला न बाप्पा, की माणसाचं प्रमोशन गेलं समज."

रोज मशीन बंद केल्यावर मी विचारायची, "शून्य ते दहा, किती दुखतंय?" आणि आकडा लिहून खाली सही करायची. पहिले तीन दिवस नऊ. तिसऱ्याच दिवशी पट्टा सैल बांधला म्हणून डॉक्टरांनी काकांसमोर मला झापलं. चौथ्या दिवशी काका म्हणाले, "सात." मग सहा, पाच. दहाव्या दिवशी, "तीन लिही."

डॉक्टर खूश झाले. आकडा उतरला नसता तर त्यांनी उपचार वाढवले असते, बदलले असते. तीन पाहून त्यांनी कोर्स बंद केला. मी घरी पेढे नेले. जाताना काकांचा सदरा चिमटीतच होता. मी तो पाहिला होता, पण कागदावर तीन होतं ना!

दोन महिन्यांनी बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात काकू भेटल्या. "अगं, घरात तर सदराच नाही घालत ते," त्या सहज बोलून गेल्या. मी पिशवी घेऊन तशीच त्यांच्याबरोबर नेहरू नगरला गेले. काका उघडेच बसले होते. मला पाहून गडबडीने सदरा ओढू लागले.

"काका, खरं सांगा."

"नऊच आहे. तेव्हाही नऊच होतं."

"मग तीन का सांगितलं?"

"खाली तुझी सही होती न. नवीन नोकरी तुझी. मी कशाला बिघडवू तुझी सी.आर.?"

"तो कागद माझा नव्हता हो काका, तुमचा होता!" मी ओरडलेच, आणि मला रडू फुटलं.

"आता तू काहून रडून राहिली? येतो न मी सोमवारी. खरं सांगतो, झालं?"

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले, पण पुन्हा सुरुवात करायला तयार झाले. रविवारी सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता काका गेले. हृदय बंद पडलं.

मी तेराव्याला गेले तेव्हा त्यांची लेक मुलीला कडेवर घेऊन मला बाजूला नेऊन म्हणाली, "बाबा तुमच्याशी बोलायचे ना? एक विचारू? त्यांनी हिला कधी उचलूनच घेतलं नाही. मी पुढे केली की म्हणायचे, राहू दे, झोपेल ती. मुलगी झाली म्हणून नाराज होते का हो?"

तिला फक्त नागीण बरी झाल्याचं माहीत होतं. पोरीच्या जिवाला घोर नको, म्हणून काकूंनाही त्यांनी गप्प बसवलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. सदरा, नऊ, तीन, माझी सही.

"तुमच्या मुलीला छातीशी धरायचं होतं त्यांना," मी म्हणाले. "आमच्याकडे ते तेवढ्यासाठीच आले होते."

"मग मला एकदा सांगायचं ना," एवढंच ती म्हणत राहिली. काकांच्या चांगुलपणाचा मला इतका राग कधीच आला नव्हता.