हिल्डा गार्बट यांची विचारण्याची सवय

आमच्या गावातून पठारावर चढणारी वाट एका सज्जन बाईच्या सौजन्यामुळे बंद झाली. हे विधान मी रागाने करतो आहे, पण विचार करून करतो आहे. तीन वर्षे, एकतीस जबाब आणि दोन खोकी भरून कागदपत्रे पाण्यात गेल्यावर माणसाला विचार करण्याखेरीज फारसे काही उरत नाही.

हिल्डा गार्बट आज त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत. चौतीस वर्षे त्यांनी गावच्या शाळेत मुलांचे दुपारचे जेवण रांधले. त्या मुलांत मीही होतो. आज माझी पंचावन्नी उलटली आहे आणि शेजारच्या शहरात मी लॅटिन शिकवतो, म्हणजे शिकू न इच्छिणाऱ्यांसमोर बोलतो. तरीही त्या मला चारचौघांत ‘क्लाइवबाळा’ म्हणतात. मी त्यांना मिसेस गार्बट म्हणतो. ताटातला कोबी संपवल्याशिवाय ज्यांनी आपल्याला बाकावरून उठू दिले नाही, त्यांना नुसत्या नावाने हाक मारणे मला अजून जमलेले नाही.

नवरा वारल्यानंतरच्या वसंतात त्यांनी गावकऱ्यांना पठारावर फिरायला नेण्यास सुरुवात केली. एक रविवार सोडून एक रविवार, सकाळी दहाला, प्रार्थनामंदिराच्या भिंतीपाशी. हातात नकाशा नाही, गळ्यात शिट्टी नाही. कुंपण ओलांडायच्या प्रत्येक पायरीपाशी उभे राहून त्या माणसे खांद्याला हात लावून मोजत. बसलेल्या मेंढीला वाटेवरून उठवावे लागले, तर तिची माफी मागत.

वाट डेनिस हगिल यांच्या दोन शेतांमधून जात असे. मग ओढा, मग कोणे एके काळी खेचरांसाठी घातलेल्या फरश्या, आणि वीस मिनिटांत माणूस वर, हेदरच्या जांभळ्या फुलांच्या झुडपांत, वाऱ्यात. दुसरा मार्ग म्हणजे मोटारींचा रस्ता. अडीच मैलांचा, वळणावळणांचा, कडेला पाऊल ठेवायला जागा नसलेला. राष्ट्रीय उद्यानाची कचेरी दरवर्षी जांभळ्या पठाराचे छायाचित्र छापून साऱ्या देशाला चालायला बोलावते. पण तिच्या नकाशात आमची वाट नव्हती. एकोणीसशे बावन्न साली गावोगावच्या वाटांची यादी झाली, तेव्हा आमच्या गावच्या कारकुनाने ती लिहिलीच नाही. कारण काय, तर ती सगळ्यांना ठाऊकच होती.

डेनिस वारले, मुलांनी शेत विकले आणि पेल्हम नावाच्या गृहस्थांनी ते घेतले. महिन्याभरात फाटकाला साखळी आणि साखळीला पाटी लागली. गावात हळहळ पुष्कळ झाली. आमच्या गावात हळहळीचा कधी तुटवडा नसतो. वाटेसाठी सरकारदरबारी दावा करायला मात्र मी एकटा उरलो.

कायदा असा आहे: लोक एखाद्या वाटेने वीस वर्षे जबरदस्ती न करता, लपूनछपून न जाता आणि परवानगी न घेता चालले असतील, तर ती वाट सार्वजनिक ठरते. तिसरी अट पुन्हा वाचावी. न विचारता दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकणाऱ्याला कायदा हक्क देतो. मी ही अट शेकडो वेळा वाचली होती आणि मला तिची मुळीच काळजी वाटली नव्हती. हिल्डाबाईंचा जबाब मी त्यांच्याच स्वयंपाकघरात भरून घेतला. त्या बटाट्यांतले पाणी काढत होत्या, मी प्रश्न वाचत होतो. सातवा प्रश्न होता, ‘आपण जमीनमालकाची परवानगी कधी मागितली होती काय?’ वाफेत उभ्या असलेल्या बाईला इतका खुळा प्रश्न काय विचारायचा, असे वाटून मी तो मोठ्याने वाचलाच नाही. ‘नाही’ लिहिले आणि आठव्याकडे वळलो. सही त्यांनी न वाचता केली.

सुनावणी फेब्रुवारीत, गावच्या सभागृहात झाली. सरकारने पाठवलेल्या निरीक्षक बाई अंगातला कोट न काढता टेबलाशी बसल्या होत्या. आमचे सगळे साक्षीदार हिल्डाबाईंच्याच रविवारच्या मंडळीतले, म्हणून मुख्य साक्ष त्यांची होती. पेल्हम यांचा वकील तरुण होता आणि आवाज मुद्दाम मऊ ठेवून बोलत होता.

“मिसेस गार्बट, डेनिस हगिल यांच्याशी तुमचे संबंध कसे होते?”

“छान होते की. बोलायचा कमी, पण भला माणूस.”

“त्यांच्या घरी जाणं व्हायचं?”

“दरवर्षी. ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी केक घेऊन जायचे मी.”

“नुसता केक द्यायला?”

“नुसता कसा? विचारायला नको का? म्हणायचे, डेनिस, पुढच्या वर्षी आमची मंडळी इकडून गेली तर चालेल ना रे?”

निरीक्षक बाईंची लेखणी थांबली आणि मग झपाझप चालू लागली. मी हिल्डाबाईंची नजर गाठण्याचा प्रयत्न केला. त्या वकिलाकडे कौतुकाने पाहत होत्या. किती आस्थेने चौकशी करतोय मुलगा, असा भाव तोंडावर.

“मग ते काय म्हणायचे?”

“म्हणायचा, जा की, फाटक तेवढं लावून घ्या.”

“आणि नको म्हणाले असते तर?”

“तर नसतो गेलो. शेत त्याचं होतं, बाळा.”

वकिलाने त्यांचे आभार मानले. पुढे आणखी दोन तास सुनावणी चालली, पण ती संपली होती.

बाहेर, मोटारी उभ्या करण्याच्या जागेत, मी त्यांना गाठले.

“मिसेस गार्बट, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कुठे?”

“ती परवानगी झाली. तुम्ही सगळ्यांच्या वतीने तीस वर्षं परवानगी घेत होतात.”

“परवानगी कसली, रीत होती ती. दुसऱ्याच्या रानातून जायचं तर दोन शब्द बोलायचे, एवढंच.”

“कायद्याला रीत कळत नाही.”

“मग कायद्याला लहानपणी कुणी वळण लावलं नाही म्हणायचं,” असे म्हणून त्यांनी माझ्या गळपट्ट्याची गाठ नीट केली. त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला, तितका पेल्हम यांचाही कधी आला नव्हता. आणि सातव्या प्रश्नापुढचे ‘नाही’ माझ्या अक्षरातले होते, हे मी त्यांना त्या दिवशीही सांगितले नाही.

मे महिन्यात निकाल आला: दावा अमान्य. पाठोपाठ पेल्हम यांचे पत्र आले. शिकारीचा हंगाम वगळून रविवारी मंडळींना जाऊ देण्यास ते तयार होते. मात्र ही सवलत पेल्हम यांच्या मर्जीवर असून ती केव्हाही काढून घेतली जाईल, असे मिसेस गार्बट यांनी लिहून द्यावे. मी तत्त्वाचा माणूस आहे. तरीही ते पत्र घेऊन मी त्यांच्याकडे गेलो आणि सही करा म्हणालो, कारण रस्त्याने वर पोहोचणे त्यांच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते, आणि पठाराशिवाय त्यांचा आठवडा कसा जातो ते मी त्या तीन वर्षांत पाहिले होते.

त्यांनी पत्र दोनदा वाचले.

“यात ‘कृपया’ कुठेच नाही.”

“नसू दे. तुम्ही नाहीतरी विचारतच होतात ना दरवर्षी? आता ते लिहून द्यायचं, इतकंच.”

“डेनिसला मी आपणहून विचारायचे. तो शेजारी होता. या माणसाकडेही गेले होते मी, पहिल्याच महिन्यात. डबा हातात घेऊन अंगणात उभी होते, आत ये म्हणाला नाही. आता माझ्याकडून लिहून घेतोय?”

“तुमच्या गुडघ्यांचं काय?”

“गुडघे माझे आहेत, क्लाइवबाळा.”

जी बाई तीस वर्षे न चुकता विचारत राहिली, तिने नेमके आता विचारायचे नाही असे ठरवले. मी हात टेकले. पत्र तिथेच चहाच्या किटलीखाली राहिले.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आम्ही रस्त्याने निघालो. पूर्वीचे चौदा जण, आता पाच, पिवळी जाकिटे घालून एकामागे एक. पठाराची छायाचित्रे काढायला निघालेल्या मोटारी आमच्या कोपरांना घासून जात होत्या. दीड मैलावर, जनावरांना अडवण्यासाठी रस्त्यात लोखंडी गज टाकले आहेत तिथे, हिल्डाबाई कडेच्या दगडी भिंतीवर बसल्या.

“तू ने यांना पुढे,” त्या मला म्हणाल्या. “पायरीपाशी मोजायचं मात्र विसरू नकोस.”

मी त्यांना नेले आणि परत आणले. दोन तास लागले. त्या तिथेच होत्या, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून.

“ओढ्यापलीकडचा तो उतार,” त्यांनी विचारले, “तीन वर्षांपूर्वी जाळला होता ना त्यांनी, नवे कोंब यावेत म्हणून? फुलला का रे यंदा?”

मी खिशातली वही चाचपली. तिच्यात एक्केचाळीस मोटारींचे क्रमांक होते, तक्रारीसाठी टिपलेले. तो उतार वर चालताना माझ्या डाव्या हाताला असला पाहिजे.

“मी पाहिलं नाही,” मी म्हणालो.

बाकीचे तिघे भिंतीला टेकून सँडविच सोडू लागले होते. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. शाळेत कोबी शिल्लक असलेल्या ताटाकडे पाहत, तशा.

“मग पुन्हा जाऊन ये,” त्या म्हणाल्या. “मी बसलेय इथे.”

पुन्हा एक मैल, चढाचा, मोटारींच्या गर्दीतून. मी जाकिटाच्या गुंड्या लावल्या आणि निघालो.